नदीकाठच्या माणसांना विचारले का?



दर वर्षी पावसाच्या तोंडाला आमच्या महाविद्यालयात नवी मुले येतात. पहिल्याच तासाला मी त्यांना एक साधा प्रश्न विचारतो : "तुमच्या घरी नळाला जे पाणी येते, ते कोठून येते?" मुले कल्याण-डोंबिवलीची, हुशार, चटपटीत. पण उत्तर बहुधा एकच मिळते, "टाकीतून." टाकीत कोठून येते, असे विचारले की "मोठ्या टाकीतून." त्यापुढे गाडी जात नाही. मग मागच्या बाकावरचा एखादा मुरबाडकडचा मुलगा हळूच म्हणतो, "सर, नदीतून येतं." वर्ग हसतो. मी मात्र त्या मुलाला पुढे बोलावतो, कारण त्या दिवसाचा इतिहास तेथूनच सुरू होतो.

आजचे हे चार शब्द त्या नदीविषयी आहेत, आणि नदीकाठच्या माणसांविषयी. शहराला पाणी हवे, वीज हवी, तेल हवे. त्यासाठी कोणाची तरी जमीन जाते, कोणाचे तरी पाणी धोक्यात येते. हे आजचे नाही. परंतु त्या माणसांना आधी कोणी विचारले का, हा प्रश्न आपल्याकडे केव्हा उभा राहिला, कोणी उभा केला आणि त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम आपली उल्हास नदी पाहा. खंडाळा-राजमाचीच्या बाजूच्या दऱ्यांतून ती निघते आणि कर्जत, बदलापूर करीत कल्याणला येते. कोकणातल्या बहुतेक नद्या होळी झाली की आटतात, नुसते धोंडे उघडे पडतात. उल्हास मात्र ऐन वैशाखात वाहती असते. हे कसे? त्याचे एक कारण घाटावर आहे. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडी येथे १९२२ साली धरण पुरे झाले. तेथले पाणी डोंगरातून खाली भिवपुरीच्या वीजघरात पडते, वीज तयार करते आणि मग उल्हास नदीत मिळते. म्हणजे जे पाणी इंद्रायणीतून, भीमेतून पूर्वेकडे जायचे, ते आपण पश्चिमेला वळवले आहे. दुसरे कारण बारवी. औद्योगिक विकास महामंडळाचे हे धरण १९७२ सालचे. तेथून सोडलेले पाणीही उल्हासेतच येते. ह्या दोन पाण्यांवर डोंबिवलीचा हंडा भरतो. मावळातल्या आणि बारवीच्या खोऱ्यातल्या ज्या शेतांवर हे पाणी उभे आहे, त्या शेतांची नावे आपल्याला ठाऊक नसतात, इतकेच.

मुंबईचे पाहिले तर गोष्ट आणखी जुनी आहे. तानसा धरण १८९२ साली झाले. तेथून निघालेले प्रचंड लोखंडी नळ ठाणे जिल्ह्याच्या अंगावरून मुंबईपर्यंत गेले. पुढे १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झाला, नंतर ऊर्ध्व वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. मुंबईचे निम्म्याच्या आसपास पाणी एकटा भातसा पुरवतो. भातसा आणि तानसा हे दोन्ही तलाव शहापूर तालुक्यातले. आणि त्याच शहापुरात दर उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर पाण्याचे टँकर जातात. बायाबापड्या डोक्यावर हंडा घेऊन ओढ्याच्या झऱ्यावर रात्र काढतात. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण आपल्याकडे कोणी पुस्तकात पाहून केलेली नाही. नळ अंगणावरून जातो, पण त्याला तोटी नसते.

आता घाट चढून थोडे पलीकडे जाऊ. कारण 'आम्हांला विचारले का?' हा प्रश्न मराठी मुलखात मोठ्याने विचारला गेला तो प्रथम मुळशी पेट्यात, पुण्याच्या पश्चिमेला.

निळा आणि मुळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायचे ठरवले. पाणी घाटाखाली भिरा येथे आणायचे, त्यावर वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना, आगगाड्यांना पुरवायची, अशी योजना. बुडणार होती सुमारे ५२ गावे. माणसे ११,००० च्या आसपास. भातखाचरांचा तो मुलूख. शेतमालकाला न विचारताच शेतात चर खोदले गेले, आणि तेथेच ठिणगी पडली. आपल्या बांधाआड कोणी कुदळ घातली तर आपण काय म्हणू? मावळे तेच म्हणाले.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सुमारे १,२०० मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. बाप्ये होते, बाया होत्या, पोरे होती. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. बापटांना 'सेनापती' म्हणू लागले ते ह्याच लढ्यापासून. काम बंद पडले. कंपनीने सहा महिने काम थांबवण्याचे कबूल केले आणि लोकांना वाटले, जिंकलो! परंतु डिसेंबरात काम पुन्हा सुरू झाले. मग धरपकड, तुरुंग, दंड. तीन वर्षे ही झुंज चालली. शेवटी १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी मजुरांची गाडी अडवली आणि सात वर्षांची सजा घेतली. धरण झाले. गावे बुडाली.

हा लढा का हरला? केवळ इंग्रज सरकार होते म्हणून, असे उत्तर विद्यार्थी देतात. ते अर्धेच खरे. दुसरी अर्धी गोष्ट अशी, की पेट्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे आणि जमीनदारांकडे होती. त्यांना जमिनीचा मोबदला चांगला हवा होता. जमीन राहिली काय नि गेली काय. कसणाऱ्या मावळ्याला मात्र जमीनच हवी होती. नुकसानभरपाईचा भाव ठरू लागला तेव्हा हे दोघे वेगळे झाले. आणि तिसरी गोष्ट कायद्याची. १८९४ सालचा जमीन संपादनाचा कायदा सरकारला सांगत होता, की सार्वजनिक कामासाठी जमीन घ्या आणि मोल द्या. किती मोल, ह्यावर भांडता येत होते. 'नाही' म्हणण्याला त्या कायद्यात जागाच नव्हती. मावळ्याजवळ स्वतःच्या देहाखेरीज दुसरा अर्ज नव्हता. तो त्याने धरणाच्या पायावर ठेवला.

ही गोष्ट लक्षात ठेवून आता पुन्हा घाट उतरू, आणि नव्वद वर्षे पुढे येऊ.

कल्याणहून मुरबाडची एसटी धरा. मुरबाड, सरळगाव गेले की टोकावडे, वैशाखरे, मोरोशी अशी गावे लागतात आणि समोर माळशेजची भिंत उभी राहते. पावसाळ्यात त्या भिंतीवरून जे धबधबे कोसळतात आणि जे पाहायला मुंबईकरांची झुंबड उडते, ते पाणी काळू नदीत उतरते. काळू पुढे टिटवाळ्यावरून येऊन कल्याणजवळ उल्हासेला मिळते. तिच्या खोऱ्यात ठाकूर, महादेव कोळी, कातकरी राहतात, कुणबी राहतात. खाचरात भात, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, रानातून मोहाची फुले, करवंदे, रानभाज्या, नदीतून मासे. कातकऱ्यांची घरेच्या घरे दिवाळीनंतर कल्याण-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या आधी परततात. परतायला घर आणि रान असते म्हणून ते परततात. ते बुडाले तर भट्टी हाच त्यांचा गाव.

ह्या काळूवर मोठे धरण बांधून मुंबई महानगर प्रदेशातल्या शहरांना पाणी द्यायचे, असे ठरले. बांधणार कोकण पाटबंधारे विकास महामंडळ. पैसा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. वनखात्याची सुमारे १,००० हेक्टर जमीन त्यात जायची होती. २०११ साली काम सुरूही झाले. यंत्रे आली, डोंगर फुटू लागला. पण वनजमिनीसाठी केंद्र सरकारची जी मंजुरी लागते ती मिळालेली नव्हती, आणि गावांची संमती तर कोणी मागितलीच नव्हती. मुळशीच्या शेतातले ते चर आठवतात ना? नव्वद वर्षांनी पुन्हा तीच रीत : आधी खोदा, मग सांगा. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. १९२१ साली जो १८९४ चा कायदा मुळशीला लागू होता, तोच २०११ सालीही देशात चालू होता. तो २०१३ च्या अखेरीस मागे पडला.

मग काळूच्या माणसांनी निराळे काय केले? मोर्चे काढले, हे तर आहेच. श्रमिक मुक्ती संघटना मुरबाड-शहापूरच्या आदिवासींत कित्येक वर्षे काम करीत होती. इंदवी तुळपुळे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्याबरोबर होते. पण खरी गोष्ट ही, की मावळ्यांजवळ जे नव्हते ते ह्यांच्याजवळ आता होते. १९९६ च्या कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार मिळाला होता. मुरबाडचा काही भाग अशा क्षेत्रात मोडतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनीवरचा हक्क मान्य झाला होता. आणि २००९ साली केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने असा हुकूम काढला होता, की वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर त्या गावच्या ग्रामसभेची संमती हवी. म्हणजे 'विचारले का?' हा प्रश्न आता नुसती तक्रार राहिला नव्हता. तो कायद्याचा प्रश्न झाला होता.

ग्रामसभा भरल्या. धरणाविरुद्ध ठराव झाले. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे दिले. शिक्षकमित्रहो, ग्रामसभेचे ठरावाचे पुस्तक तुम्ही नेहमी पाहता. बहुतेक वेळा त्यात रस्ता आणि दिवाबत्ती असते. त्या पुस्तकातली एक ओळ एवढे मोठे धरण अडवू शकते, ह्यावर प्रथम गावांचाच विश्वास बसला नसेल. श्रमिक मुक्ती संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि १ मार्च २०१२ रोजी न्यायालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला. यंत्रे उभी राहिली. त्याच वर्षी केंद्राच्या वन सल्लागार समितीनेही प्रस्तावाला नकार दिला.

येथे गोष्ट संपली असती तर ती फार सोपी झाली असती. २०१३ साली त्याच समितीने आपले मत बदलून मंजुरीची शिफारस केली. योजना पुन्हा पुन्हा वर येते. शहरे वाढतात, उन्हाळा कडक होतो, आणि काळूचे नाव कागदावर पुन्हा दिसू लागते. धरण अद्याप पुरे झालेले नाही आणि योजना कोणी सोडूनही दिलेली नाही. स्थगिती म्हणजे काही निकाल नव्हे. मुळशीला सहा महिन्यांची स्थगिती मिळाली होती. ती विजय समजून लोक घरी गेले, तेथेच थोडे फसले. काळूची माणसे ते समजून आहेत, असे मला वाटते. ठरावाचे पुस्तक त्यांनी मिटून ठेवलेले नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याच डोंगरातला नाही. अमेरिकेच्या उत्तरेला स्टँडिंग रॉक नावाचा मुलूख आहे. तेथे सू जमातीचे मूळनिवासी राहतात. मिसूरी नदीवर सरकारने ओवाही धरण बांधले. १९५८ च्या सुमारास पाणी चढू लागले आणि ह्या लोकांची सुमारे ५६,००० एकर जमीन पाण्याखाली गेली. नदीकाठची सुपीक जमीन, झाडी, घरे सारे गेले. उरले ते धरणाचे तळे. तेच त्यांचे पिण्याचे पाणी झाले. पुढे २०१६ साली सुमारे १,८८० किलोमीटर लांबीची खनिज तेलाची एक नळवाहिनी त्याच तळ्याच्या तळाखालून न्यायचे काम आले. गंमत पाहा, ही वाहिनी आधी बिस्मार्क ह्या शहराच्या वरच्या अंगाने न्यायचा विचार होता. तो बेत सोडला गेला, आणि त्याच्या कारणांत शहराच्या पिण्याच्या पाण्याचे रक्षण हेही एक होते. शहराच्या पाण्याला धोका नको. मग जमातीच्या पाण्याला चालेल काय?

लोकांनी एप्रिल २०१६ मध्ये नदीकाठी राहुट्या ठोकल्या. शेकडो जमातींचे हजारो लोक तेथे जमले. नोव्हेंबरच्या गोठवणाऱ्या थंडीत त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले गेले. पाणी वाचवायला आलेल्यांवर पाण्याचाच मारा! त्यांची घोषणा होती, पाणी म्हणजे जीवन. आपल्या भाषेत तर ते निराळे सांगायलाच नको. संस्कृतात 'जीवन' ह्या शब्दाचा एक अर्थच पाणी आहे. ४ डिसेंबर २०१६ रोजी सरकारने तळ्याखालून जाण्याची परवानगी नाकारली. जानेवारीत सरकार बदलले, हुकूम फिरला, आणि जून २०१७ पासून तेल वाहू लागले. पुढे २०२० साली न्यायालयाने म्हटले, की तळ्याखालून वाट देताना धोक्याचा पुरता अभ्यास झालाच नव्हता, तो करा. तेल मात्र वाहतच राहिले.

मुळशी, काळू, स्टँडिंग रॉक. एका ठिकाणी वीज, दुसऱ्या ठिकाणी पिण्याचे पाणी, तिसऱ्या ठिकाणी तेल. कामे वेगळी, देश वेगळे, काळ वेगळा. पण तिन्ही ठिकाणी काम आधी ठरले आणि माणसे नंतर आठवली. आपल्याच देशात एकदा उलटेही घडले आहे. ओरिसातल्या नियमगिरी डोंगरातून बॉक्साइट काढायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी सांगितले, की ग्रामसभांना विचारा. डोंगरिया कोंधांच्या १२ ग्रामसभा भरल्या आणि बाराही सभांनी 'नाही' म्हटले. डोंगर राहिला. विचारले म्हणून काही देश बुडाला नाही.

आता कोणी म्हणेल, "प्राध्यापक, तुम्ही डोंबिवलीच्या नळाचे पाणी पिता आणि धरणाला नावे ठेवता, हे कसे?" प्रश्न रास्त आहे; तो मी टाळणार नाही. २०११ च्या शिरगणतीत एकट्या कल्याण-डोंबिवलीत सुमारे साडेबारा लाख माणसे होती, ठाणे शहरात अठरा लाखांवर. ती काही सारी गर्भश्रीमंत नव्हेत. चाळीत, झोपडीत राहणाऱ्या बाईला आठवड्यातून दोन दिवस पाणी बंद असले की तिचे काय हाल होतात ते मी माझ्याच गल्लीत पाहतो. तिची तहान खोटी नाही. आणि काळूच्या माणसांनी 'तुम्ही पाणी पिऊ नका' असे म्हटलेलेही नाही. त्यांचे म्हणणे इतकेच, की आमचे घर बुडवण्याआधी आम्हांला विचारा, आणि त्याआधी तुमच्या घरात किती पाणी वाया जाते तेही पाहा. फुटके नळ किती, गळती किती, गाड्या धुण्यात किती जाते, पावसाचे किती नुसते गटारात जाते, एकदा वापरलेले पाणी शुद्ध करून कारखान्यांना का देता येऊ नये? घरातला माठ गळत असताना आपण शेजाऱ्याची विहीर मागायला जात नाही. आधी माठ पाहतो.

बारवीचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. ते धरण १९७२ चे. नंतर त्याची उंची वाढवायची ठरली. बुडणाऱ्या गावांनी वर्षानुवर्षे ठिय्या धरला : आधी पुनर्वसन, मग पाणी. शेवटी असे ठरले, की ज्या महानगरपालिकांना हे पाणी जाते त्यांनी बाधित कुटुंबांतल्या माणसांना नोकऱ्या द्याव्या. २०१९ साली वाढीव उंचीपर्यंत पाणी साठले. नोकरीने गाव परत मिळत नाही, हे खरेच. परंतु पाणी पिणाऱ्या शहराने पाणी देणाऱ्या माणसाचे काही देणे लागते, एवढे तरी त्यातून कागदावर आले. मुळशीच्या मावळ्याला तेवढेही मिळाले नव्हते.

तेव्हा इतिहासाच्या ह्या नव्वद-शंभर वर्षांत बदलले काय, असे विचाराल तर मी म्हणेन : धरणे थांबली नाहीत, शहरे थांबली नाहीत, बदलली ती 'नाही' म्हणणाऱ्याची जागा. १९२१ साली 'नाही' म्हणायचे तर दगडावर झोपावे लागे. आज ते ग्रामसभेच्या पुस्तकात लिहिता येते आणि न्यायालयात वाचून दाखवता येते. ही जागा कोणी दान दिलेली नाही. हरलेल्या मुळशीचाही तिच्यात वाटा आहे. मात्र पुस्तकात लिहिलेला हक्क वापरला नाही तर तो पुस्तकातच राहतो.

म्हणून खेड्यातल्या श्रोत्यांना माझी विनंती आहे, की ग्रामसभेची दवंडी ऐकली तर जा. कोरम भरला नाही म्हणून सभा तहकूब, असा शेरा आपल्या गावाच्या पुस्तकात पडू देऊ नका. न वाचता अंगठा देऊ नका. शेजारच्या शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. आणि शिक्षकांना विनंती अशी, की एक तास मुलांकडून नकाशा काढून घ्या. एका टोकाला आपल्या घरचा नळ, दुसऱ्या टोकाला तो जेथून भरतो ते पाणी. मधली गावे, नद्या, धरणे मुलांनी विचारून, शोधून लिहावी. शाळा शहापूर-मुरबाडची असेल तर नकाशा उलटा काढा : आपल्या नदीचे पाणी कोणत्या शहरात, कोणाच्या घरी जाते?

गेल्या वर्षी माझ्या वर्गात असा नकाशा काढताना मुरबाडकडच्या त्या मुलाने काळूवर एक टिंब दिले आणि त्यापुढे आपल्या पाड्याचे नाव लिहिले. शेजारी डोंबिवलीची मुलगी बसली होती. तिने टिटवाळ्यावरून रेघ ओढत ती कल्याणपर्यंत आणली आणि विचारले, "म्हणजे तुमच्या पाड्यावरून आमच्याकडे येतं?" तो म्हणाला, "हो. पण आम्हांला कोणी विचारलं नव्हतं." ती काही बोलली नाही, तिने त्या पाड्याचे नाव आपल्या वहीतही लिहून घेतले. त्या दिवशी मी धडा पुढे नेला नाही.